कुणालाही बाद करू नकोस

प्रिय तरुण मित्रा,

ख्रिस्तात सलाम.

तुझं पत्र मिळालं. चर्चमधल्या तरुणांच्या सभेला पोरं येतात पण खेळात निम्मीच उतरतात, उरलेली भिंतीला टेकून मोबाइल बघत बसतात. पाळकसाहेब म्हणतात वचनाला वेळ उरत नाही. कमिटीतल्या एका वडिलांनी तर सगळ्यांसमोर विचारलं की या दंग्यात आध्यात्मिक काय आहे. आणि या सगळ्यावर उपाय म्हणून तू माझ्याकडे पन्नास नव्या खेळांची यादी मागितली आहेस.

यादी मी देणार नाही. खेळ तुझ्याकडे भरपूर आहेत. सध्या घेतोस म्हणून लिहिलेले चार परत वाच: संगीत खुर्ची, डॉजबॉल, ‘सायमन म्हणतो’, आणि वचनपाठांतराची ती फेरी, जिच्यात चुकला तो खाली बसतो. चारही खेळांत चुकलं की बाहेर. मग पोरं भिंतीला टेकून का बसतात, हे तू मला विचारतोस? तूच त्यांना तिथे बसवलंयस.

संगीत खुर्चीचा हिशेब मांडून बघ. 20 जण उतरले तर एक उरेपर्यंत 19 फेऱ्या होतात. पहिल्याच फेरीत बाद झालेली मुलगी पुढच्या 18 फेऱ्या नुसती बघते. आणि पहिल्या फेरीत कोण बाद होतं? जी लाजते, जी हळू पळते, जिला धक्का द्यायला संकोच वाटतो, जी आज पहिल्यांदा आली आहे आणि कुणालाच ओळखत नाही. जिच्यासाठी तू खेळ ठेवलास, तिला पहिल्या मिनिटात बाहेर काढून उरलेला वेळ तू त्यांना देतोस ज्यांची एकमेकांशी आधीच घट्ट मैत्री आहे.

म्हणून एकच नियम सांगते आणि तो या पत्रात पुन्हा पुन्हा येईल. कुणालाही बाद करू नकोस. खेळ मोडला तरी चालेल.

हे काही जगावेगळं नाही. कबड्डीतसुद्धा बाद झालेला गडी कायमचा जात नाही, समोरचा बाद झाला की परत आत येतो. तेच डॉजबॉलमध्ये कर. चेंडू लागला की बाहेर जायचं नाही, समोरच्या गटात जायचं. सगळे एका बाजूला जमले की डाव संपला. मैदानात शेवटपर्यंत तेवढीच माणसं राहतात, आणि मघाशी ज्याला नेम धरून मारलं त्याच्याच बाजूने आता आपण खेळतोय, यात पोरांना जी मजा येते ती तुला पहिल्याच दिवशी दिसेल.

संगीत खुर्चीत खुर्च्याच वापरू नकोस. वर्तमानपत्राची पानं जमिनीवर पसर. गाणं थांबलं की प्रत्येकाचा निदान एक पाय कुठल्यातरी पानावर टेकलेला हवा. दर फेरीला पान कमी कर, माणूस कमी करू नकोस. शेवटी दोन-तीन पानांभोवती सगळा तांडा एका पायावर डुगडुगत उभा असतो आणि जो तो दुसऱ्याला सावरत असतो. मुलं-मुली एकत्र असतील तर मांडीवर बसायचे प्रकार नकोतच. एक पाय टेकण्यात कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

तुझ्या लोकांना हारजीतच हवी असेल तर दगड-कागद-कात्रीची आगगाडी घे. दोघं समोरासमोर येतात. हरतो तो जिंकणाऱ्याच्या पाठीमागे उभा राहून त्याच्या नावाचा घोष करतो. ती जोडी दुसऱ्या जोडीशी भिडते, मग चौघं चौघांशी. 32 जण असले तर पाचव्या फेरीत दोन लांबलचक रांगा समोरासमोर येतात आणि अख्खा हॉल दोन नावांनी दणाणतो. स्पर्धा पक्की बाद पद्धतीची, तरी पहिल्या फेरीत हरलेली मुलगी शेवटच्या फेरीत सगळ्यात मोठ्याने ओरडत असते.

माणसांसाठी खेळ बदलायचा असतो, हे आपल्याच लोकांनी जगाला दाखवलं आहे. 1891च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचा शिक्षक होता. ईश्वरविज्ञान शिकलेला माणूस. त्याच्या हाती 18 जणांचा एक कंटाळलेला, वांड वर्ग आला. थंडीमुळे खेळायचं ते बंद जागेत, आणि मैदानावरचे धसमुसळे खेळ तिथे चालेनात. मग त्याने विचार केला की अंगावर जाणं कशामुळे होतं? चेंडू घेऊन पळण्यामुळे. म्हणून चेंडू हातात घेऊन पळायचंच नाही, असं ठरवलं. 13 नियम लिहिले, पीचच्या दोन टोपल्या वर टांगल्या आणि नऊ-नऊच्या दोन गटांत सगळेच्या सगळे 18 जण उतरवले. राखीव एकही नाही. बास्केटबॉल जन्मला तो असा. त्यानंतर 1895 मध्ये होल्योकच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गनला दिसलं की वयस्क सभासदांना ही पळापळ झेपत नाही. त्यांना बाजूला बसवून टाळ्या वाजवायला लावलं नाही त्याने. मध्ये जाळी बांधली, अंगाला अंग लागणंच थांबवलं आणि व्हॉलीबॉल दिला. दोघांनीही समोरची माणसं बघून खेळ घडवला. तू मात्र छापील खेळ घेऊन बसला आहेस आणि त्यात न मावणारी पोरं छाटतोयस.

रागावले असं समजू नकोस. थोडी रागावलेच आहे, पण तुझ्यावर नाही.

मी नुसती मदतनीस होते तेव्हा आमच्या सभेत एक मुलगा यायचा. जाड भिंगाचा चष्मा, पळताना एका हाताने तो धरून ठेवायचा. दर वेळी पहिल्या दोघा-तिघांत बाद. बाद झाला की जाऊन सगळ्यांसाठी पाण्याचे ग्लास भरून ठेवायचा. मोठी माणसं म्हणायची, किती सेवाभावी पोरगा. मला दिसत होतं की त्याला फक्त रिकामं बसलेलं दिसायचं नाहीये. पण मी नवी होते, वयाने लहान होते, गप्प राहिले. काही महिन्यांनी तो यायचा थांबला आणि ग्लास कोण भरणार यापलीकडे त्याची चर्चासुद्धा झाली नाही. ती खंत अजून जात नाही. सभा माझ्या हातात आल्यावर मी पहिलं काम केलं ते बाद पद्धतीचे सगळे खेळ बंद करण्याचं. वर्षअखेरीच्या स्पर्धेचा चषकसुद्धा.

त्यावरून केवढा गहजब झाला. ही बाई पोरांना मऊ करते, जगात हारजीत असतेच, ती इथे शिकली नाहीत तर कुठे शिकणार? चषक जिंकणाऱ्या मुलांचे आईवडील तर बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते. आता तुलाही हेच ऐकावं लागेल, म्हणून माझं उत्तर लिहून ठेवते. हारजीत मी कधीच काढली नाही. आमच्याकडे गुण मोजले जायचे, गट हरायचे, हरलेले चिडायचेही. पण हरलेला मैदानातच असायचा आणि पुढच्या डावात त्याला परत संधी असायची. हरणं वेगळं आणि हाकललं जाणं वेगळं. हाकललं जाणं शिकवायला जग आहेच की, त्यासाठी मंडळीचा हॉल कशाला उघडायचा? आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन आणि तो चषक परत सुरू करणार नाही.

पाठांतराची ती फेरी या शनिवारपासून बंद. देवाचं वचन चुकलं म्हणून पोराला खाली बसवायचं, हे लिहितानाही तुला टोचलं नाही? ‘वचन शोधा’ मात्र जरूर घे. बायबल वर धरायचं, संदर्भ पुकारला की शोधायचं. वचनाला आत्म्याची तलवार म्हटलंय, त्यावरून बरेच जण या खेळालाही तलवारीचंच नाव देतात. पण मोकळा सोडलास तर दर वेळी तीच दोन पोरं जिंकतात, जी लहानपणापासून रविवारच्या शाळेत आली आहेत. नव्या मुलाला हबक्कूकचं पुस्तक जुन्या करारात की नव्या, तेच माहीत नसतं. म्हणून जोड्या लाव, एक जुना आणि एक नवा. पानं नव्यानेच उलटायची, जुन्याने फक्त दिशा सांगायची. मोठ्याने वाचायचं तेही नव्याने.

चिठ्ठ्यांचा खेळही चांगला. आपल्या बायबलातली 66 पुस्तकं 66 चिठ्ठ्यांवर लिही. 22 जण असतील तर प्रत्येकाला तीन. सगळ्यांनी मिळून त्या जमिनीवर क्रमाने लावायच्या, आणि बोलायचं नाही. ज्याला काहीच येत नाही त्याच्याही हातात तीन चिठ्ठ्या असतात, त्या लागल्याशिवाय कुणाचंच पुरं होत नाही. डोळा हाताला म्हणू शकत नाही की मला तुझी गरज नाही, हे करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या 12व्या अध्यायातलं बोलणं तुला त्या संध्याकाळी वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मानवी गाठ तुला माहीत असेलच. आठ-दहा जण गोलात, शेजारी सोडून दुसऱ्या दोघांचे हात धरायचे आणि न सोडता गुंता सोडवायचा. दोन गोष्टी लक्षात ठेव. काही गाठी खरोखरच सुटत नाहीत, हातांची गुंतवणच तशी पडते, त्यामुळे एकदा एक पकड सोडायची मुभा दे, नाहीतर शेवटी दोष कुणातरी एकावर जातो. आणि ज्याला हात धरायचा नसेल त्याने रुमालाचं टोक धरावं. कारण विचारायचं नाही.

काही खेळ मात्र सरळ नाही म्हण. उलटी लपाछपी, ज्यात एकजण लपतो आणि सापडेल तो त्याच्याजवळ जाऊन लपतो, ती अनेक ठिकाणी लाडकी आहे. मला ती दोन कारणांनी नको. अंधाऱ्या, कोंदट जागेत मुलं-मुली दाटीने बसणार, हे कुठल्याही जबाबदार सभेत चालता कामा नये. आणि शेवटी उरलेला एकटाच शोधत फिरतो, बाकीचे सगळे एकत्र लपून खुदखुदत असतात. बाद करण्याचा याहून क्रूर प्रकार मला माहीत नाही. तोंडात मार्शमॅलो कोंबून बोलायची पैज तर कधीच नको, त्यात घुसमटून जीव गेले आहेत. आणि ज्या खेळात हसण्यासाठी एकाला मधे उभं करावं लागतं, तो खेळ कुणाच्याही हट्टावरून घेऊ नकोस.

गट पाडताना कप्तान नेमून निवडायला लावू नकोस. शेवटी उरलेल्याला खेळ सुरू व्हायच्या आधीच कळतं की आपण कुणालाच नको होतो. जन्ममहिन्यावरून पाड, आकडे मोजून पाड, कसेही पाड.

आणि तू स्वतः खेळ. शिटी गळ्यात अडकवून कडेला उभा राहतोस ना? इटलीत पोरांसाठी काम करणाऱ्या संत डॉन बॉस्कोने 10 मे 1884 रोजी रोमहून आपल्या तुरिनच्या लोकांना एक पत्र लिहिलं. त्यात दोन पटांगणांचं वर्णन आहे. एकात वडीलधारे मुलांच्यात मिसळून खेळताहेत आणि आनंदाला उधाण आलंय. दुसऱ्यात मोठे बाजूला आहेत आणि मुलं खांबांना टेकून मरगळलेली उभी आहेत. मुलांवर प्रेम असणं पुरेसं नाही, ते त्यांना कळलं पाहिजे, हे त्याचं म्हणणं याच पत्रातलं. आपल्या मंडळीतले काही जण नाक मुरडतील की हा कॅथलिकांचा संत. मुरडू देत. तुझी भिंत आणि त्याचा खांब एकच आहे.

कमिटीतल्या त्या वडिलांच्या ‘यात आध्यात्मिक काय’ या प्रश्नाचं काय करायचं? प्रत्येक खेळाच्या शेपटीला बोधवचन बांधू नकोस. पोरांना तो गळाला लावलेला किडा लगेच ओळखू येतो आणि मग ती खेळावरही विश्वास ठेवत नाहीत. वडिलांना नम्रपणे जखऱ्याचा 8वा अध्याय दाखव. देवाने यरुशलेमेला दिलेल्या अभिवचनात नगराचे रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून जातील असं आहे, आणि त्यांच्याबरोबर हातात काठी घेतलेली म्हातारी माणसंही आहेत. मग त्यांना खेळायला बोलाव. ते आले तर पानावर पाय टेकायच्या खेळात घे. पाळकसाहेबांचं म्हणणं मात्र रास्त आहे. 25 मिनिटांवर खेळ जाऊ देऊ नकोस, आणि पोरं ‘अजून एकदा’ म्हणत असतानाच थांबव.

शनिवारी सुरुवात नाव आणि चेंडूने कर. नाव घेऊन चेंडू टाकायचा, एक जमला की दुसरा चेंडू आत सोडायचा, मग तिसरा. उशिरा आलेल्याला मधेच गोलात घेता येतं. मग वर्तमानपत्राची पानं आणि शेवटी आगगाडी, पुरे. भिंतीजवळच्यांना हात धरून ओढू नकोस. एखादीला फारच संकोच वाटला तर एक फेरी गाणं थांबवायचं काम दे, पण एकच फेरी. दुसऱ्या फेरीला ते काम दुसऱ्याकडे आणि ती आत. कामाच्या आड कुणाला लपू देऊ नकोस.

रात्री घरी गेल्यावर मला लिही. खेळ किती रंगला ते नंतरच्या पत्रात चालेल. आधी लिही, कोण किती वेळ नुसतं बसून होतं.

तुझी,
ताई