लिनक्समध्ये कमांड लाइनवरून फाइल सिस्टीमचे लेबल कसे पाहावे आणि कसे बदलावे?

लेबल, म्हणजे फाइल सिस्टीमला दिलेले नाव, पाहण्यासाठी ‘एलएसबीएलके -एफ’ ही कमांड चालवावी, आणि पार्टिशन (डिस्कचा विभाग) एक्स्ट४ या फाइल सिस्टीम प्रकारचे असल्यास लेबल बदलण्यासाठी ‘ई२लेबल’ वापरावी. उदाहरणार्थ, ‘सुडो ई२लेबल /डेव्ह/एसडीबी१ बॅकअप’. लेबल पार्टिशन टेबलमध्ये नव्हे, तर फाइल सिस्टीमच्या आतच लिहिलेले असते, म्हणून प्रत्येक प्रकाराचे साधन निराळे आहे आणि लांबीची मर्यादाही निराळी:

- एक्स्ट२, एक्स्ट३, एक्स्ट४: ‘ई२लेबल’, १६ बाइट.
- एक्सएफएस: ‘एक्सएफएस_ॲडमिन’ आणि कॅपिटल एलचा पर्याय, १२ बाइट, आधी पार्टिशन अनमाउंट (सिस्टीमपासून अलग) करावे.
- फॅट, म्हणजे बहुतेक पेन ड्राइव्ह: ‘फॅटलेबल’, ११ बाइट.

मर्यादा बाइटमध्ये असल्यामुळे देवनागरी नाव देताना विशेष काळजी घ्यावी, कारण यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत काना, वेलांटी आणि हलन्त यांच्यासह प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘छायाचित्रे’ हा शब्द ३० बाइटचा होतो आणि ‘ई२लेबल’ तो इशारा देऊन मध्येच कापते. यासाठी लेबल लहान आणि रोमन अक्षरांतच ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

मात्र बदल करण्यापूर्वी ‘/ईटीसी/एफएसटॅब’ ही फाइल, म्हणजे संगणक सुरू होताना जोडायच्या (माउंट करायच्या) पार्टिशनांची यादी, अवश्य तपासावी: तिच्यात पार्टिशनचा उल्लेख ‘लेबल=’ अशा नोंदीने केलेला असेल आणि ती नोंद जुनीच राहिली, तर पुढच्या वेळी ते पार्टिशन माउंट होणार नाही आणि संगणक सुरू होतानाच अडकू शकेल. नोंद यूयूआयडीने, म्हणजे फाइल सिस्टीमच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाने, केलेली असल्यास लेबल बदलल्याने तिला काहीही बाधा येत नाही.