देव राष्ट्रांच्या कारभारात हात घालतो असे ख्रिस्ती लोक मानतात. मग जुलमी राजवटीही त्याच्याच इच्छेने येतात का?

आपल्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. देवच राजांना गादीवर बसवतो आणि तोच त्यांना खाली उतरवतो, तर जुलमी राज्यकर्त्याच्या कृत्यांचा दोष देवाकडे जात नाही का, हा पहिला. सारे त्यानेच ठरवले असेल तर प्रार्थना करण्यात, मत देण्यात किंवा अन्यायाविरुद्ध उभे राहण्यात काय अर्थ उरतो, हा दुसरा. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि युद्धाच्या बातम्यांत दोन्ही बाजूंनी देवाचे नाव घेतलेले ऐकले की हे प्रश्न मलाही अस्वस्थ करतात, म्हणून जमेल तितके नेमके उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

देव राष्ट्रांच्या इतिहासात काम करतो, हे बायबल निःसंदिग्धपणे सांगते. दानीएलाच्या पुस्तकात बाबेलचा बलाढ्य राजा नबुखद्नेस्सर याला बजावले जाते की मानवी राज्यावर परात्पराची सत्ता आहे आणि ते राज्य तो आपल्या मर्जीस येईल त्याला देतो. अथेन्समध्ये अरीयपग नावाच्या टेकडीवर उभा राहून प्रेषित पौलही म्हणतो की सर्व राष्ट्रे देवाने एकापासून निर्माण केली आणि त्यांचे काळ व त्यांच्या वस्तीच्या सीमा ठरवून दिल्या. येथे ‘सर्व’ या शब्दाकडे दुर्लक्ष होऊ नये. इस्राएल ही निवडलेली प्रजा होती हे खरे. पण आमोस संदेष्टा त्याच प्रजेला तोंडावर सांगतो की, ज्या देवाने तुम्हांला मिसरातून (इजिप्तमधून) बाहेर काढले त्यानेच पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून आणले. शत्रूंच्या स्थलांतरामागेही आपलाच देव होता, हे ऐकणे त्या श्रोत्यांना किती जड गेले असेल याची कल्पना करून पाहावी.

आमोसाच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय आपण सावकाश वाचावेत असे मी सुचवीन, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच आहे. संदेष्टा शेजारच्या राष्ट्रांवर एकेक आरोप ठेवत जातो. दिमिष्काने गिलादातील लोकांना लोखंडी औतांनी मळणी केल्यासारखे चिरडले; गज्जाने वस्त्याच्या वस्त्या गुलाम म्हणून विकल्या; अम्मोन्यांनी आपली हद्द वाढवण्यासाठी गर्भवती स्त्रियांची पोटे चिरली. मवाबावरचा आरोप तर फारच लक्षणीय आहे: त्याने अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला. यात इस्राएलाचे काहीच बिघडलेले नाही. एका परक्या राष्ट्राने दुसऱ्या परक्या राष्ट्राच्या मृत राजाची विटंबना केली, आणि तरीही देव त्याचा जाब विचारतो. ज्या राष्ट्रांना मोशेचे नियमशास्त्र कधी दिलेच नव्हते, त्यांनाही माणसाशी माणसासारखे वागण्याच्या कसोटीवर तोलले जाते. श्रोते माना डोलावत असतानाच संदेष्टा यहूदाकडे आणि मग खुद्द इस्राएलाकडे वळतो: तुम्ही नीतिमानाला रुप्यासाठी आणि गरिबाला एका जोड्यासाठी विकले. सर्वांत दीर्घ आरोपपत्र स्वतःच्याच लोकांवरचे आहे.

म्हणजे देवाचे नियंत्रण आणि माणसाची जबाबदारी या दोन गोष्टी पवित्र शास्त्रात एकत्रच नांदतात. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात देव अश्शूराला (अॅसिरियाच्या साम्राज्याला) आपल्या क्रोधाचा दंड म्हणतो, पण लगेच पुढे सांगतो की अश्शूराच्या मनात तसे काही नाही. त्याला केवळ राष्ट्रे नष्ट करायची आहेत. म्हणून काम झाल्यावर त्या राजाच्या उन्मत्त अंतःकरणाचाही समाचार घेतला जाईल, कारण कुऱ्हाडीने तोडणाऱ्यापुढे बढाई मारावी काय? देवाने एखाद्या राजवटीचा उपयोग केला म्हणजे त्या राजवटीचा हेतू देवाचा झाला, असे मुळीच नाही. ज्या भावांनी योसेफाला गुलाम म्हणून विकले होते त्यांना त्याने हेच सांगितले होते: तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने त्यातून चांगले योजले. थॉमस अॅक्वायनस आणि पुढे कॅल्विन या ख्रिस्ती धर्मपंडितांनी यासाठी मूळ कारण आणि दुय्यम कारणे असा भेद केला. देव सर्वांच्या मुळाशी आहे, पण मधली माणसे बाहुल्या नसतात, ती आपापल्या इच्छेने वागतात आणि आपापल्या कृत्यांना उत्तरदायी राहतात. हे नियंत्रण किती बारकाईचे आहे यावर ख्रिस्ती परंपरांत मतभेद आहेत. काहींच्या मते प्रत्येक घटना देवाने ठरवलेली असते, तर काहींच्या मते तो बऱ्याच गोष्टी केवळ घडू देतो. मला दुसरे मत अधिक पटते, तरी दुष्टपणाचा कर्ता देव नाही यावर दोन्ही बाजू ठाम आहेत.

हे उत्तर मनाला पूर्ण समाधान देते, असा माझा दावा नाही. हबक्कूक संदेष्ट्यालाही तसे समाधान मिळाले नाही. यहूदातील अन्यायाबद्दल त्याने तक्रार केली, तेव्हा देवाने त्याच्या शिक्षेसाठी खास्द्यांना, म्हणजे बाबेलच्या लोकांना, उभे करीत असल्याचे सांगितले, आणि तो संदेष्टा हादरून विचारू लागला की, आपल्याहून नीतिमान असलेल्याला दुष्ट गिळून टाकतो तेव्हा तू उगा का राहतोस? ही तक्रार पवित्र शास्त्रातच जपून ठेवलेली आहे, तेव्हा ती करणाऱ्याला कोणी अविश्वासू म्हणू नये.

आता ज्या मुद्द्याविषयी मला सर्वाधिक तळमळ वाटते त्याकडे येतो. देव इतिहासात काम करतो असे मानणे वेगळे, आणि अमुक विजयात किंवा अमुक आपत्तीत त्याने नेमके काय केले हे मला कळले आहे, असे सांगणे वेगळे. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, या प्रश्नाला येशूने स्पष्ट ‘नाही’ म्हटले. तरीही असा अर्थ लावण्याचा मोह मंडळीला, म्हणजे चर्चला, पुन्हा पुन्हा पडला आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३१२ मध्ये मिल्व्हियन पुलावरची लढाई जिंकली आणि पुढच्या वर्षी ख्रिस्ती लोकांचा छळ थांबला, तेव्हा कैसरियाचा बिशप युसीबियस याला त्या राजवटीत देवाची योजना जणू उलगडून दिसली. छळातून नुकत्याच सुटलेल्या माणसाचा तो आनंद मला समजतो. पण ४१० मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटले तेव्हा तोच हिशेब उलटला, कारण आता ते नगर ख्रिस्ती सम्राटांचे होते. त्या काळचा ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन याने यावर जो विचार मांडला तो मला आजही सर्वांत सुज्ञ वाटतो. ज्या देवाने ऑगस्टसला राज्य दिले त्यानेच नीरोला दिले, आणि ज्याने ख्रिस्ती कॉन्स्टंटाइनला दिले त्यानेच ख्रिस्ती धर्म सोडून दिलेल्या जुलियनलाही दिले. शिवाय ख्रिस्ती सम्राट जोव्हियन याला देवाने जुलियनपेक्षाही लवकर उचलले. म्हणून राज्यलाभ हे ख्रिस्ती होण्याचे बक्षीस आहे असे कोणी समजू नये.

सत्ता वरून मिळते, पण तेवढ्यावरून ती देवाला मान्य आहे असे ठरत नाही. रोमन सुभेदार पिलात याच्यासमोर उभ्या असलेल्या येशूने, तुला हा अधिकार वरून दिलेला आहे, असे म्हटले खरे. पण त्याच दमात पापाची गोष्टही काढली. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय अधिकाऱ्यांना देवाचे सेवक म्हणतो आणि प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय सत्तेला समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाच्या रूपात दाखवतो. दोन्ही एकाच नव्या करारात आहेत, आणि त्यांपैकी एकच वाचणाऱ्यांनी फार अनर्थ केला आहे. जर्मन सैनिकांच्या पट्ट्याच्या बक्कलवर ‘देव आमच्याबरोबर’ असे कोरलेले असे, आणि ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्या गटाला हिटलरच्या उदयात देवाचा हात दिसत होता. त्याला उत्तर म्हणून १९३४ च्या मे महिन्यात जर्मनीतील बार्मेन येथे जमलेल्या मंडळ्यांनी, मुख्यतः धर्मपंडित कार्ल बार्थ यांनी लिहिलेल्या घोषणापत्रात, येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द असून त्याच्याखेरीज इतर घटना, सत्ता वा व्यक्ती यांना देवाचे प्रकटीकरण म्हणून मंडळी मानणार नाही, असे जाहीर केले.

मग खरे-खोटे ओळखायचे कसे? यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमक्ष सांगतो की, दोन वर्षांच्या आत बाबेलचे जू मोडेल आणि लुटून नेलेली मंदिराची पात्रे परत येतील; आणि बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू काढून तो ते मोडून टाकतो. यिर्मया आधी ‘आमेन, परमेश्वर असेच करो’ म्हणतो, कारण त्यालाही तेच हवे होते. पण तो आठवण देतो की पूर्वीच्या संदेष्ट्यांनी युद्ध, अरिष्ट आणि मरी यांविषयी सांगितले होते. शांतीचे भाकीत करणाऱ्याचे खरेपण ते भाकीत पूर्ण झाल्यावरच कळते. हनन्याचे भाकीत खोटे ठरले आणि पुढे इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम बाबेलच्या हाती पडले. यावरून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे: देवाच्या नावाने राष्ट्राविषयी बोलणारा माणूस आपल्याच राष्ट्राच्या पापाविषयी काही बोलतो का, हे मी आधी पाहतो. अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ४ मार्च १८६५ रोजी, उत्तर व दक्षिण यांच्यातील यादवी युद्धात विजय अगदी जवळ आलेला असताना, दोन्ही पक्ष एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाची प्रार्थना करतात, पण कोणाचीच प्रार्थना पूर्णपणे मान्य झालेली नाही, असे सांगितले. आणि गुलामगिरीचा दोष उत्तर व दक्षिण दोघांच्याही माथी ठेवला. विजेत्याच्या तोंडी अशी भाषा क्वचितच येते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने थोडक्यात देता येईल. राष्ट्रांविषयीचे देवाचे शब्द बहुधा शर्तीचे असतात. कुंभाराच्या घरी यिर्मयाला सांगितले जाते की, ज्या राष्ट्राच्या नाशाविषयी मी बोललो ते दुष्टतेपासून फिरले तर मीही ते अरिष्ट आणणार नाही. योना संदेष्ट्याने अश्शूरातील निनवे नगरात, चाळीस दिवसांनी नगराचा नाश होईल, अशी घोषणा केली, लोक वळले आणि नगर वाचले. प्रार्थना आणि कृती ही देवाच्या योजनेबाहेरची गोष्ट नसून तिचाच भाग आहे, असे आम्ही यामुळेच मानतो. बाबेलात बंदिवान झालेल्यांनाही यिर्मयाने पत्रातून कळवले होते की घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित साधा, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

आपण एस्तेरचे पुस्तकही अवश्य वाचावे. मूळ हिब्रू पाठात देवाचे नाव एकदाही येत नाही. तेथे दिसतो तो पारसाचा (इराणचा) दरबार, यहूद्यांच्या कत्तलीचा हुकूम, राजाची झोप उडालेली एक रात्र आणि न बोलावता राजापुढे जाऊन स्वतःचा जीव धोक्यात घालायचा की नाही या पेचात सापडलेली एस्तेर ही यहूदी राणी. तिचा पालक मर्दखय तिला म्हणतो की, तू गप्प राहिलीस तरी यहूद्यांची सुटका दुसरीकडून होईल. पण अशाच प्रसंगासाठी तुला राणीपद मिळाले नसेल, हे कोणी सांगावे? सुटकेविषयी तो निश्चिंत आहे आणि तरीही तिने राजाकडे गेलेच पाहिजे असे तिला सांगतो. तीन दिवसांचा उपवास करून ती जाते.