भाजीत गोळी मिसळून देऊ का, मॅडम?

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी ताई हेच विचारते, दारू सुटायची गोळी भाजीतून देऊ का, ह्यांना कळणार पण नाही. नका देऊ. ती गोळी बहुतेक वेळा डायसल्फिराम असते. दारू शरीरात मोडताना अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विष बनतं, ते साफ करणारं एन्झाइम ही गोळी बंद पाडते, मग वरून पेग गेला की चेहरा लाल, उलट्या, धडधड, बीपी खाली, आणि हार्टचा त्रास असेल तर जीवावर बेततं. ज्याला माहीतच नाही तो पिणारच ना!

भांडुपच्या एक ताई (ओळख बदललीय) हेच विचारायला आल्या होत्या. आमचे हे रोज सकाळी पिऊन कामाला जातात, लाजच सोडलीय, म्हणाल्या. नंतर नवऱ्याला घेऊन आल्या, तो सुरुवातीला नुसता मान खाली घालून बसायचा. एकदा चहा आला. त्याने कप दोन्ही हातांनी धरला तरी अर्धा चहा बशीत. ताई काही बोलणार तेवढ्यात मी हातानेच थांबवलं, आणि गप्प बसले, बराच वेळ.

"सकाळी मजेसाठी नाही घेत हो," तो शेवटी बोलला. "घेतल्याशिवाय शर्टाची बटणं लागत नाहीत."

ताई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "मला वाटायचं माज आहे."

लेक्चर दिलं असतं तर हे कधी बाहेर आलं नसतं, माझा तर गप्प बसण्यावरच जास्त विश्वास आहे. विरारच्या गाडीत मागून रेटा असतो आणि पुढचा अचानक बाजूला झाला की आपण तोंडावर पडतो ना, तसं दारू वर्षानुवर्षं मेंदूला दाबते, मेंदू उलटा रेटा लावतो, एकदम बंद केली की तो रेटाच उरतो. म्हणून थरथर, घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास, बडबड. त्यामुळे रोज पिणाऱ्याला शपथ घालून घरीच एकदम बंद करायला लावू नका. केईएम, सायन, नायरला सायकियाट्री ओपीडी आहे, तिथे दाखवा.

त्याला अ‍ॅडमिट केलं, थरथर, फिट आवरणारी क्लोरडायझेपॉक्साइड गोळी देऊन तिचा डोस हळूहळू कमी केला, सोबत थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी1. लिव्हरचे रिपोर्ट बघून डॉक्टरांनी पर्याय सांगितले, ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट पण असतात. त्याने स्वतःहून डायसल्फिराम मागितली. आता सकाळी ताईंसमोर घेतो. ही शेवटच्या घोटानंतर निदान 12 तास गेल्याशिवाय सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, तेव्हा खोकल्याचं औषध घेतानाही त्यात अल्कोहोल नाही ना ते केमिस्टला विचारा.