वाळूत उतरवलेले पाइल लाटांनी सैल होतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: गावच्या खाडीच्या तोंडाशी जेटी होते आहे, पाइल, म्हणजे जेटी पेलणारे लांब खांब, वाळूत उतरवताहेत. वाळूत रोवलेली काठी हलवून हलवून उपटता येते, मग रोज लाटा खाणारे पाइल सैल का होणार नाहीत? आणि कंत्राटदाराचं एकच उत्तर, 'लोड टेस्ट पास आहे.'

तुमची शंका रास्त आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मी जेटीच्या पाइलवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तांदळाचा शेर आपटून भरला की दाणे खाली बसतात आणि वर जागा होते. पाइलच्या अंगालगतच्या, काही दाण्यांइतक्याच जाडीच्या थराचं हेच होतं. वाळू पाइलला बाजूने जितकी आवळेल तितकं घर्षण मिळतं. पाइल पुन्हा पुन्हा किंचित वर-खाली सरकला की तो पातळ थर दबून आकसतो, आणि बाहेरच्या वाळूचा दाब पाइलपर्यंत पूर्वीइतका पोचत नाही. म्हणजे वाळू घट्ट होते आणि पकड मात्र सुटते! मला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पटलंच नव्हतं.

पण हे दर लाटेला घडत नाही. फ्रान्समध्ये डंकर्कला १९९० च्या दशकाच्या अखेरीस जार्डिन आणि स्टँडिंग या संशोधकांनी समुद्री वाळूत ठोकलेल्या पोलादी पाइपांवर अशा चाचण्या केल्या. क्षमतेच्या मानाने लहान हेलकावे पाइलने हजारभर सोसले, उलट त्याची ताकद थोडी वाढली. मोठे हेलकावे दिल्यावर मात्र तो थोडक्या फेऱ्यांत हरला. त्यातही एकदा दाब, एकदा ओढ अशी दिशा उलटत राहिली की नुकसान सर्वांत जास्त. जेटीच्या तिरक्या पाइलवर नेमकं हेच येतं.

आता लोड टेस्टबद्दल. पाइलसाठीच्या आयएस २९११ या भारतीय मानकाच्या भाग ४ मध्ये 'सायक्लिक' (भार पुन्हा पुन्हा देण्याची) टेस्ट आहे खरी, पण ती पाइल पेलतो त्या भारातला अंगाच्या घर्षणाचा आणि टोकाचा वाटा वेगळा काढण्यासाठी आहे. त्यात भार टप्प्याटप्प्याने चढवून उतरवतात, फेऱ्या मोजक्याच. तिच्यावरून वादळाचा अंदाज बांधणं चूक आहे.

आडव्या धक्क्यांचं गणित वेगळं. २०१० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी लहान नमुन्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की आखूड, ताठ पाइलचं कलणं साचत जातं, पण मंदावत: फेऱ्या दहापट झाल्या की साचलेलं कलणं साधारण दुप्पट. दहा सेकंदांना एक लाट धरली तर चार महिन्यांच्या पावसाळ्यात दहा लाखांवर लाटा होतात. तरी भीती या आकड्याची नाही. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळासारख्या काही तासांतल्या मोठ्या लाटा अख्ख्या हंगामापेक्षा जास्त काम करून जातात.

कोकणात एक दिलासा आहे. बऱ्याच ठिकाणी वाळूखाली कातळ लागतो आणि पाइल त्यात सॉकेट करतात, म्हणजे कातळात भोक घेऊन पाइलचं टोक त्यात बसवतात. मग उभा भार कातळ घेतो, वाळूची पकड थोडी गेली तरी पाइल खचत नाही. तेव्हा कंत्राटदाराला आधी हेच विचारा: कातळ किती खोलीवर लागला आणि सॉकेट किती घेतलं? टोक वाळूतच राहणार असेल तर पाइलला वर उपटणारी ओढ किती धरली आहे, तेही विचारा. वाळूत शिंपल्यांचा चुरा जास्त असेल तर जास्तच सावध राहा, कारण ते दाणे दाबाखाली फुटतात आणि थर आणखी आकसतो.

आणि जेटी उभी राहिल्यावर दर पावसाळ्यानंतर त्याच चार-पाच पाइलपाशी ओळंबा सोडून तळाची खोली मोजायला लावा, वहीत तारखेसकट लिहून ठेवा. आडवा धक्का मुख्यतः वरच्या काही मीटर वाळूवर पेलला जातो. प्रवाहाने तीच वाहून नेली तर पाइल तितका उघडा पडतो, आणि वरून पाहणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही.