बाळ कोण धरणार?

फोंडा,
आषाढ

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. घाटापलीकडच्या त्या छोट्या रुग्णालयात व्हेंटिलेटर बंद आहे आणि सर्जन म्हणतात, ‘तान्ह्यांचे हर्निये स्पायनलवर, म्हणजे पाठीत सुई देऊन, करू, श्वासनलिकेत ट्यूब घालायची भानगडच नको.’ हो म्हणू का, असं तू विचारतेस. हो म्हण, पण त्यांनी दिलेल्या कारणासाठी नको. ट्यूब टाकायची सोय नाही म्हणून स्पायनल द्यायला गेलीस तर एक दिवस फसशील. बाळाच्या मापाचा मास्क, हाताने दाबून श्वास द्यायची अँब्यू बॅग, दोन मापांच्या ट्यूब, चालू सक्शन आणि भरलेला ऑक्सिजन सिलिंडर, एवढं स्वतः तपासून हाताशी ठेवल्याशिवाय तान्ह्याच्या पाठीला सुई लावायची नाही. यातलं काही कमी असेल आणि हर्निया अडकलेला नसेल, तर बाळाला सरळ बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठव. त्यात कसलाही कमीपणा नाही.

मग स्पायनल द्यायची कशासाठी? बाळाच्या श्वासासाठी. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं मूल पूर्ण भूल उतरल्यावर श्वास घ्यायचं विसरू शकतं, आणि नेमका हर्निया अशाच मुलांना जास्त होतो. ही रीत जुनी आहे. ऑगस्ट बिअर यांनी १८९८ साली जर्मनीत कील इथं पहिली स्पायनल दिली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत लंडनमध्ये टिरेल ग्रे ती लहान मुलांना देत होते. पुढे ती मागे पडली. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डॉक्टरांनी तान्ह्यांच्या हर्नियासाठी ती पुन्हा पुढे आणली.

एक अभ्यास मात्र लक्षात ठेव, कारण आई-वडील त्याबद्दलच विचारतील. सात देशांतली ७२२ बाळं घेऊन जागेपणीची स्पायनल किंवा कॉडल (माकडहाडाजवळून दिलेली सुई) आणि सेव्होफ्लुरेन या वायूची पूर्ण भूल यांची तुलना केली गेली. पाचव्या वर्षीचा निकाल २०१९ मध्ये आला: तासाभराच्या आतली पूर्ण भूल घेतलेल्या मुलांच्या बुद्धीत फरक दिसला नाही. तेव्हा ‘पूर्ण भूल दिली तर डोक्यावर परिणाम होईल’ अशी भीती घालून कुणाला स्पायनलसाठी तयार करू नकोस. त्याच अभ्यासात नुसत्या सुईवर सगळ्यांचं भागलं नव्हतं, पाच-सहा बाळांमागे एकाला आणखी काही द्यावं लागलं होतं. मुरलेल्या हातांची ही गत, म्हणून वरची यादी.

आता पाठीबद्दल. मोठ्या माणसात कमरेच्या हाडांची टोकं जोडणारी रेघ चौथ्या कटिमणक्याच्या आसपास जाते, ती तुझ्या बोटांना सवयीची आहे. नवजातात तीच रेघ आणखी खाली, एल-फाइव्ह एस-वनपाशी, म्हणजे पाचवा कटिमणका आणि त्याखालचं त्रिकास्थी यांच्यापाशी येते, आणि मज्जारज्जू एल-थ्री, म्हणजे तिसऱ्या कटिमणक्यापर्यंत उतरलेला असतो. म्हणून सुई एल-फोर-फाइव्ह किंवा त्याच्या खालच्या फटीत, वर कधीच नाही. त्वचेपासून एक-दीड सेंटिमीटरवर मज्जारज्जूभोवतीचं पाणी लागतं. मोठ्यांच्या सुईने एवढ्याशा अंतरात हात स्थिर राहत नाही, म्हणून २५ गेजच्या अडीच सेंटिमीटर लांबीच्या सुयांची मागणी आजच लिहून दे. त्या येईपर्यंत साधी इंजेक्शनची सुई वापरायचा सल्ला कुणीतरी देईल. ऐकू नकोस. स्टायलेट, म्हणजे आतली बारीक तार, नसलेली सुई त्वचेचा कण आत नेते आणि काही वर्षांनी तिथं गाठ वाढू शकते.

औषधाचा हिशेब पहिल्यांदा केलास की दचकशील. साठ किलोच्या माणसाला आपण तीन मिली हेवी बुपिव्हाकेन, म्हणजे मणक्यातल्या पाण्याहून जड असलेलं, मिलीत पाच मिलिग्रॅमचं बधिर करायचं औषध देतो, म्हणजे किलोमागे पाव मिलिग्रॅम. पाच किलोच्या आतल्या बाळाला किलोमागे एक मिलिग्रॅमपर्यंत लागतं, चौपट. कारण बाळाच्या मणक्यातलं पाणीच किलोमागे चार मिलीच्या आसपास असतं, आपल्या दुप्पट, आणि औषध तिथून वाहूनही लवकर जातं. तरीही तीन किलोच्या बाळाला हे भरतं फक्त ०.६ मिली. चार मिलीच्या अँप्यूलमधला हा इवलासा वाटा. एक मिलीची सिरिंज घे, सुईच्या मुठीत अडकून राहणारे थेंब हिशेबात धर आणि सिस्टरकडून आकडा मोठ्याने वाचून घे. औषध सावकाश सोड, मग सुई पाच-सात सेकंद तशीच राहू दे. दोन-तीन मिनिटांत पाय लुळे पडतात. पुढे तुझ्याकडे तास-सव्वा तास, म्हणून सुई लावताना सर्जन हात धुऊन उभे असले पाहिजेत. हे त्यांना आदल्या दिवशी सांग. सलाईनची लाईन मी नेहमी आधीच घेतो. पाय बधिर झाल्यावर पायात घेणारे चांगले भूलतज्ज्ञ मी पाहिलेत, पण मला ते धाडस वाटतं.

या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न बाळ कोण धरणार हा. अर्धी स्पायनल धरणाऱ्याच्या हातात असते. बाळाला बसतं धरायचं, पाठ वाकवायची पण मान नाही. मान छातीशी दुमडली की श्वासनलिका दबते, आणि तुझं लक्ष पाठीवर असल्याने ओठ निळे झालेले तुला दिसत नाहीत. धरणाऱ्याने बाळाचा चेहरा पाहत राहायचं आणि सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) मोठ्याने सांगायचं. एकच सिस्टर निवड, तिला दहा वेळा सराव दे आणि तिची ड्युटी बदलू नये म्हणून भांडावं लागलं तर भांड.

माझ्या उमेदीच्या काळातली एक सकाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही. स्पायनल सुरेख लागली होती. मी औषधाची नोंद करायला वळलो, तेवढ्यात मदतनीस मावशींनी कॉटरीची (विजेने रक्त थांबवायच्या यंत्राची) प्लेट पाठीखाली सरकवायला बाळाचे दोन्ही पाय वर उचलले. दहा सेकंदसुद्धा नसतील. जड औषध वरच्या बाजूला वाहिलं. बाळ रडलं नाही, झटकलं नाही, नुसतं गप्प झालं. मॉनिटरवर ब्लड प्रेशर जसंच्या तसं होतं, कारण इतक्या लहान मुलात ते सहसा पडत नाही. पहिल्यांदा जातो तो श्वास. जवळजवळ तासभर मी बॅग दाबत राहिलो. श्वास परत आला, मूल आईकडे गेलं, आज ते माणूस कुठेतरी कामधंद्याला असेल. पण चूक मावशींची नव्हती. पाय उचलायचे नाहीत हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून प्लेट आधी लागते, आणि भूल दिल्यावर पायांना माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

पाय बधिर झाले की बहुतेक बाळं आपोआप झोपी जातात. वरचं अंग गरम कापडात गुंडाळ, एसी बंद करायला लाव, साखरेच्या पाण्यात बुडवलेला बोळा तोंडात दे. तरी कुरकुर झाली तर ‘थोडं केटामिन (गुंगीचं औषध) दे’ असं कुणी म्हणेल. कमी दिवसांच्या बाळात स्पायनलवर केटामिन दिलं की श्वास थांबायचा धोका परत दारात येतो, आणि त्याच्यासाठीच तर एवढा खटाटोप. केस झाल्यावरही बाळाला सोडू नकोस. जन्माआधीचे आठवडे धरून साठ आठवड्यांच्या आतलं, दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ असेल तर निदान बारा तास ऑक्सिमीटर लावून डोळ्यांसमोर ठेव. स्पायनलने पहिल्या अर्ध्या तासातला धोका कमी होतो, रात्रीचा नाही. हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल तर आणखी जप.

आईशी मात्र घाईत बोलू नकोस. आपल्याकडे दर दुसरी बाई सांगते की सिझरला पाठीत इंजेक्शन दिलं तेव्हापासून कंबर धरली. आता तेच तिच्या महिन्याच्या लेकराला, म्हटल्यावर तिचा जीव उडणारच. सुई केवढी, औषध किती, पाय परत कधी हलतील, हे तिला सांग. इथं एका आईने ऑपरेशन थिएटरच्या दाराशी मला कोंकणीत एवढंच विचारलं होतं, ‘भुरगें निदलां?’ म्हणजे, बाळ झोपलंय? मी हो म्हणालो आणि ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

पहिली केस तीन किलोच्या वरची, दिवस भरलेली, एकाच बाजूच्या हर्नियाची घे आणि सकाळी पहिली लाव. तारीख ठरली की लगेच कळव. या पावसात चोर्ला घाटाचा भरवसा नाही, मी आदल्या दिवशीच मुक्कामाला येईन. तुझ्या सिस्टरची तयारी होईपर्यंत बाळ मी धरीन.

तुझा,
सर