हरवलेली माणसं शोधणारा कुत्रा कसा तयार करतात?

कपडा हुंगवला आणि कुत्रा सोडला की झालं, असं वाटतं खरं. पण तो एकच प्रकार. काही कुत्री एका ठरावीक माणसाचा माग जमिनीलगत काढतात, तर काही हवेत तरंगणारा कुठल्याही माणसाचा वास पकडतात. या दुसऱ्या प्रकारात सगळा खेळ वाऱ्याचा. म्हणून हँडलर, म्हणजे कुत्र्याला हाताळणारा माणूस, खिशात पावडरची छोटी बाटली ठेवतो. दाबली की भुरका उडतो आणि वारा कुठून येतोय ते दिसतं. मग कुत्र्याला वाऱ्याला आडवं फिरवायचं. वास लागला की त्याची मान झटकन वळते, शेपटीची लय बदलते. हे ओळखायला शिकणं माणसालाच जास्त जड जातं!

सुरुवात मात्र लपंडावाने. ओळखीचा माणूस खेळणं घेऊन झुडपामागे लपतो, सापडला की दोघांची दंगामस्ती. हळूहळू अंतर वाढतं, लपणारे अनोळखी होतात. तयार व्हायला साधारण दीड-दोन वर्षं जातात. खऱ्या शोधात दिवसभर कुणीच सापडलं नाही, तर शेवटी पथकातलाच कुणीतरी मुद्दाम लपतो, नाहीतर कुत्रं हिरमुसतं.

आणि हो, घरातलं कुणी हरवलं तर त्याचा वापरलेला कपडा सगळ्यांनी हाताळू नका. स्वच्छ पिशवीत वेगळा ठेवा.