मंगळाच्या गाडीत शेजारी कोण पाहिजे? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी मी लिहिलं होतं की मंगळावर जाऊन परत यायला अडीच-तीन वर्षं लागतील, आणि तेवढा काळ चार-सहा माणसं एका डब्यात नीट राहतील का हा प्रश्न इंजिनापेक्षा काही सोपा नाही. त्यावर व्हॉट्सॅपवर एवढे मेसेज आले बाप्पा, की मी मोजणंच सोडलं. मी काही अंतराळवीर नाही, तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो, माणसं कोंडल्यावर कशी वागतात हा माझ्या आवडीचा विषय आहे एवढंच. निवडक प्रश्न घेतोय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न (दारव्ह्याहून बारावीतली विद्यार्थिनी): सर, मला अंतराळवीर व्हायचंय पण मी खूप कमी बोलते. मामा म्हणतात अशा मुक्या पोरीले कोण नेईन, तिथं फाडफाड बोलणारे लागतात. खरंय का?

मामांना म्हणावं, पाचशे दिवस रोज तोच माणूस तोच जोक सांगतोय असं समजा, मग ठरवा कोण पाहिजे ते. स्वभाव मोजायला आम्ही साधारण पाच गोष्टी बघतो: नव्याची आवड, कामातला काटेकोरपणा, बोलकेपणा, जुळवून घ्यायची वृत्ती आणि मन किती पटकन ढवळतं ते. लांबच्या मोहिमेला यातला बोलकेपणा खूप जास्त असला तर उलट त्रासच होऊ शकतो, कारण अशा माणसाला सारखं नवीन कोणीतरी लागतं आणि तिथं नवीन कोणी येत नाही. मन स्थिर असणं, काम चोख असणं आणि दुसऱ्याशी जमवून घेणं, वजन या तिघांना.

जपानच्या अंतराळ संस्थेनं, म्हणजे जाक्सानं, निवडीच्या वेळी उमेदवारांना बंद जागेत ठेवून कागदाचे करकोचे करायला लावले होते, एक-दोन नाही, माणशी १०००. करकोचा सुंदर झाला का हे बघायचं नव्हतं, पहिले आणि शेवटचे शेजारी ठेवून घडी तेवढीच नेमकी बसलीय का ते बघायचं होतं. तू वेचणीला गेली असशील तर तुला लगेच कळेल, सकाळच्या ओटीतला कापूस पांढराफेक असतो आणि ऊन चढलं, कंबर मोडली की संध्याकाळच्या ओटीत पाती अन् काडीकचरा यायला लागतो. ज्याच्या दोन्ही ओट्या सारख्या निघतात तो माणूस त्यांना पाहिजे. फक्त एक सवय आतापासून लाव, काही बिघडलं किंवा स्वतःला बरं वाटत नसलं तर ते पहिल्याच दिवशी सांगायचं. कमी बोलणं चालतं, लपवणं चालत नाही.

प्रश्न (चिखलीहून बचत गटातल्या ताई): तुम्ही लिहिलं की मॉस्कोत सहा जण दीड वर्ष बंद होते. मग भांडणं झाली नाहीत असं कसं होईल जी? आमच्याकडे दोन जावा अन् एक गॅस, चार दिवसात तोंडं फिरतात.

झाली ना ताई. ती मंगळाच्या प्रवासाची रंगीत तालीम होती, नाव मार्स-५००. जून २०१० ते नोव्हेंबर २०११, ५२० दिवस, तीन रशियन, दोन युरोपातले, एक चिनी, सगळे पुरुष, यान जमिनीवरच होतं पण दार बंद. नंतर हिशेब मांडला तेव्हा गंमत दिसली, आठवड्याला भरलेल्या फॉर्मांमध्ये जी जी कुरबुर नोंदवली होती तिच्यातली ८५ टक्के फक्त दोघांच्या फॉर्मांत होती, आणि हे दोघं तेच ज्यांना ताण आणि थकवा सगळ्यात जास्त होता. म्हणजे डबा एक, जेवण एक, पण दोघांना दिवसरात्र खटके दिसतायत अन् बाकीच्यांना तेवढं काही दिसतच नाही. एकाचं तर झोपेचं घड्याळ असं सरकलं की त्याचा दिवस जवळपास २५ तासांचा झाला, म्हणजे काही दिवस असे की हा जागा अन् बाकी घोरतायत. सहापैकी दोघं मात्र शेवटपर्यंत ठणठणीत राहिले.

आणि भांडणं मोठ्या गोष्टीवरून होत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगणार. मी शिकायला असताना एका दोस्तासोबत रूम करून राहत होतो, माणूस सोन्यासारखा, आजारपणात माझे कपडे धुतलेले त्यानं, पण सकाळी स्टीलच्या गिलासात चहात साखर ढवळायचा तो कणकण आवाज, तीन मिनिटं, रोज. आठव्या महिन्यात मी रूम बदलली आणि कारण विचारलं तर अभ्यासाचं सांगितलं. आता ते अंतराळात करता येत नाही, रूम बदलायला दुसरं गाव नाही. म्हणून तिथल्या प्रशिक्षणात हे शिकवतात की चमच्याचं बोलणं चमचा लहान असतानाच करून टाका.

सगळेच प्रयोग असे निभावले नाहीत. मॉस्कोच्या ज्या संस्थेत मार्स-५०० झाला तिथंच १९९९-२००० मध्ये आणखी एक लांब मुदतीचा कोंडून ठेवायचा प्रयोग झाला, वेगवेगळ्या देशांची माणसं होती, तिथं नवीन वर्षाच्या रात्री दोघांची रक्त निघेपर्यंत मारामारी झाली आणि कॅनडाहून आलेल्या संशोधक बाईंना कमांडरनं त्यांच्या मनाविरुद्ध जवळ ओढून चुंबन घेतलं. एक जपानी सदस्य सोडूनच गेला. यावरून "बायकांना पाठवूच नका" म्हणणारे लोक मी पाहिलेत, मला ते बिलकूल पटत नाही. चुकला एक आणि घरी बसवायचं दुसरीला, हा आपल्याकडचा जुनाच न्याय आहे. आत जायच्या आधी काय चालेल अन् काय नाही हे सगळ्यांच्या भाषेत स्पष्ट बोललं गेलं नव्हतं, खरी खोट तिथं होती.

प्रश्न (पुसदहून निवृत्त एसटी ड्रायव्हर): अंतराळवीरांनी संप केला होता असं म्या वाचलं. खरं हाय का? अन् केला तर कापला का पगार?

काका, पगाराचं हसू आलं, पण संपाची गोष्ट बरीचशी फुगवलेली आहे. १९७३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या स्कायलॅब स्टेशनवर कार, गिब्सन आणि पोग हे तिघं गेले, तिघांचीही पहिलीच वेळ, ८४ दिवस राहायचं. गेल्या गेल्या पोगला उलटी झाली आणि तिघांनी ठरवलं की खाली सांगायचं नाही. पण आतलं बोलणं रेकॉर्ड होत होतं, ते खालच्यांनी ऐकलं आणि बोलणी बसली. त्यात कामाचं वेळापत्रक असं लावलेलं की आधीची टीम शेवटी शेवटी ज्या स्पीडनं काम करत होती तोच स्पीड या नवख्यांकडून पहिल्या दिवसापासून. म्हणजे तुमच्या रूटवर वीस वर्षं काढलेल्याचा टाइम नवीन पोराला दिला अन् वरून लेटमार्क. हे मागे पडत गेले, चिडत गेले, शेवटी ३० डिसेंबरला वर-खाली मोकळं बोलणं झालं, जेवणानंतरचा वेळ मोकळा सोडा, बारीकसारीक कामं आमच्या सोयीनं करू द्या. खालच्यांनी ऐकलं आणि त्यानंतर काम उलट वाढलं. संप वगैरे काही नाही, एकदा रेडिओवर काही वेळ संपर्क चुकला त्याची पुढे दंतकथा झाली.

पण तुमच्या प्रश्नात खरं मर्म आहे ते वेगळंच. मार्स-५०० मध्येही आपसातल्या खटक्यांपेक्षा बाहेरच्या कंट्रोल रूमशी झालेले खटके पाचपट नोंदवले गेले. गाडीतल्या दोघांचं बिनसलं की एकमेकांवर ओरडता येत नाही, पुढचे आठ तास सोबत काढायचेत, मग दोघं मिळून डेपोला शिव्या देतात, असंच ते. मला तर वाटतं थोड्या शिव्या डेपोनं खाव्यात, त्याच्यासाठीच असतो तो. धोका तेव्हा, जेव्हा वरचे खालच्यांना खरं सांगणंच बंद करतात. आणि मंगळाजवळ तर बोलणं जायला ३ ते २२ मिनिटं लागणार, तेवढीच उत्तर यायला, म्हणजे भांडायचं म्हटलं तरी पाऊण तासानं एक वाक्य.

प्रश्न (शेगावजवळून एक वारकरी): पंढरपूरच्या पायी वारीत महिनाभर आम्ही सोबत असतो. सुरुवातीला उत्साह, शेवटी पंढरी दिसते म्हणून उत्साह, मधेच कुठंतरी माणसं तिरसट होतात. यानात असंच होते का?

माउली, तुम्ही जे सांगितलं त्याला आमच्यात "तिसरा पाव" (म्हणजे चारातला तिसरा भाग) म्हणता येईल असं नाव आहे, अर्धा रस्ता संपला की लोक म्हणतात आता एवढंच अजून बाकी, आणि मन खचतं. अंटार्क्टिकावर हिवाळा काढणाऱ्यांच्या अनुभवावरून १९९१ मध्ये ही कल्पना मांडली गेली. सगळ्या मोहिमांत ती दिसतेच असं नाही, काहींत अजिबात दिसली नाही, त्यामुळे कॅलेंडर बघून घाबरू नका. पण मधल्या दिवसांसाठी एखादा सण, एखादं वेगळं जेवण राखून ठेवतात ते शहाणपणाचं आहे. आपला शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्टेशनवर गेला तेव्हा गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस घेऊन गेला होता. रस सोबत असला की माणसं जवळ येतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

प्रश्न (वणीहून): पटलंच नाही तर एखाद्याला परत पाठवता येते का?

एकट्याला नाही. जी कुपी, म्हणजे छोटं यान, घेऊन स्टेशनवर आले साधारणपणे तीच परतीची गाडी, उतरायचं तर तिच्यातल्या सगळ्यांनी. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर २०२४ च्या जूनमध्ये आठ-दहा दिवसांसाठी गेले आणि यानाच्या बिघाडामुळे २८६ दिवस राहिले, तेव्हा ज्याच्याशी पटत नाही त्याच्याशी पटवणं हाच मार्ग.

प्रश्न (अकोटचा, हॉस्टेलला राहणारा): रूममध्ये काही हरवलं की सगळे माझंच नाव घेतात. तिथं अंतराळात काय करतात?

तेच करतात बेटा! फ्रँक रुबिओ म्हणून अंतराळवीर, सलग ३७१ दिवस राहिला. त्यानं स्टेशनवर उगवलेला एक छोटा टमाटर पिशवीत घालून चिकटवून ठेवला, वळून बघतो तर गायब. बिचाऱ्यानं कितीतरी तास शोधला, कारण सगळे म्हणणार यानंच खाल्ला, आणि म्हणालेच. तो सप्टेंबर २०२३ मध्ये खाली आला तरी टमाटर नाही. डिसेंबरात वरच्यांना सापडला, सुकलेला, आणि त्यांनी जाहीर सांगितलं की रुबिओ निर्दोष आहे. तुझ्या रूमवाल्यांना ही गोष्ट सांग, आणि खाटेखाली बघायला लाव.

प्रश्न (आर्वीजवळच्या एका भजनी मंडळाचे अध्यक्ष): आमचा तबलजी हात लय भारी, पण तोंडाचा कडू, उशिरा येतो, कुरकुर करतो. आला की आम्ही म्हणतो "आले महाराज". तुमच्या यानात असा चालला असता का? काढून टाकावा काय?

यानात त्याला घेतलाच नसता बहुतेक. पण तुमचं यान उडालेलं आहे, माणूस आत आहे, तेव्हा प्रश्न बदलतो. शॅकल्टन नावाचा कप्तान १९१४ मध्ये २७ माणसं घेऊन दक्षिण ध्रुवाकडे निघाला, जहाज बर्फात अडकून चिरडलं गेलं. बर्फावर तंबू टाकायची वेळ आली तेव्हा ज्यांची कुरकुर पसरेल अशी भीती होती त्यांच्यातल्या एकाला, फोटोग्राफर हर्लीला, त्यानं स्वतःच्या तंबूत घेतलं आणि सल्लामसलतीत बसवलं. पुढे मदत आणायला छोट्या होडीतून निघाला तेव्हा ज्या सुतारानं आधी त्याचा हुकूम उघड नाकारला होता त्यालाही सोबत नेलं, एक तर हात पाहिजे होता आणि दुसरं, मागे राहिलेल्यांत त्याची कुरकुर नको होती. सगळे, म्हणजे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस, जिवंत परतले. आणि सामान फेकून द्यायच्या वेळी एकाचा बँजो मात्र मुद्दाम ठेवायला लावला होता, वाजवणारा काही तुमच्या तबलजीएवढा भारी नसावा.

तर त्याला तुमच्या शेजारी बसवा, अभंगांचा क्रम ठरवायला त्याला विचारा, महिनाभर बघा. आणि ते "आले महाराज" आधी बंद करा. तुमच्या लांब मेसेजमध्ये ते तीनदा आलंय, मी इथं एकदाच ठेवलं.